ग्रिम्के घराण्याची वंशावळ आणि अँजेलिनाबाई

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागांत एकोणिसाव्या शतकांत जीं मोठीं जमीनदार घराणीं होतीं त्यांना आपल्या कुळाचा फार अभिमान असे. पुष्कळ घरीं पवित्र शास्त्राची एक मोठी प्रत असे, आणि तिच्यांत जुना करार व नवा करार ह्यांच्या मध्यें कांहीं कोरीं पानें घातलेलीं असत. त्या पानांवर घरांतील जन्म, लग्नें व मृत्यु ह्यांच्या तारखा लिहून ठेवीत. त्याच घरांत दुसरी एक वही असे, ती मळ्याच्या हिशेबाची. तींत गुलामांचीं नांवें, वयें व किंमती मांडलेल्या असत. आणि मालक मेला म्हणजे त्याच्या मालमत्तेची जी यादी होई तींत माणसें, गुरें, नांगर व भांडीं हीं एकाखालीं एक येत. ह्या दोन ठिकाणीं लिहिलेलीं मुलें पुष्कळदां एकाच बापाचीं असत. ही गोष्ट गांवांत सर्वांस ठाऊक असे, पण पहिल्या पुस्तकांत ती कोणी लिहीत नसे.

अशाच एका घराण्याची वंशावळ आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों. तींतील मुख्य चरित्र अँजेलिना ग्रिम्के ह्या बाईंचें आहे. कारण ह्या घराण्याची अर्धवट लिहिलेली वंशावळ पुरी करण्याचें काम त्यांच्या वांट्यास आलें, व तेंही वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं.

घराण्याचा मूळ पुरुष जॉन पॉल ग्रिम्के. हा युरोपांतून दक्षिण कॅरोलायना प्रांतांतील चार्ल्सटन बंदरांत आला व तेथें सोन्याचांदीचा धंदा करूं लागला. त्याची बायको फोशेरो कुळांतली, म्हणजे फ्रान्स देशांत धर्मासाठीं छळ सोसून परागंदा झालेल्या ह्युगेनॉट लोकांच्या वंशांतली. त्यांचा मुलगा जॉन फोशेरो ग्रिम्के १७५२ सालीं जन्मला. तो लंडनास जाऊन कायदा शिकला, इंग्लंडशीं झालेल्या स्वातंत्र्ययुद्धांत तोफखान्याचा अधिकारी झाला, आणि पुढें पुष्कळ वर्षें संस्थानाच्या वरिष्ठ न्यायालयांत न्यायाधीश होता. त्याची पत्नी मेरी स्मिथ हिच्या पूर्वजांपैकीं एक त्या वसाहतीचा गव्हर्नर होऊन गेला होता. येणेंप्रमाणें दोन पिढ्यांत हें कुळ सोनाराच्या पेढीवरून न्यायासनावर चढलें. शहरांत हवेली, आंतल्या मुलखांत कापसाचा मळा, आणि दोन्हीकडे राबावयास गुलाम. छळांतून निसटलेल्यांच्या वंशजांनीं दुसऱ्यांस बेड्या घालाव्या हें ऐकून मन विटतें. पण तसें घडलें खरें.

न्यायाधीशाला चौदा मुलें झालीं. त्यांतलीं तीन लहानपणींच वारलीं. थोरल्यांपैकीं थॉमस हा नामांकित वकील झाला. फ्रेडरिक हा ओहायो संस्थानांत जाऊन तेथें न्यायाधीश झाला. सारा ही १७९२ सालीं जन्मली. तिला भावांच्या पुस्तकांची फार गोडी. परंतु लॅटिन व कायदा हे विषय मुलीचे नव्हेत असें ठरून तिला ते शिकूं दिले नाहींत. हेन्री १८०१ सालीं जन्मला. त्याचें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. सर्वांत धाकटी अँजेलिना. ती १८०५ च्या फेब्रुवारींत जन्मली, तेव्हां बारा वर्षांच्या सारेनें हट्ट धरून तिची धर्ममाता होण्याचा मान मिळविला. त्या दिवसापासून ह्या दोघी बहिणींचें नातें मायलेकींसारखेंच राहिलें.

साराबाईंच्या लहानपणची एक गोष्ट त्या घराची स्थिति चांगली दाखविते. त्यांच्या चाकरीस एक गुलाम मुलगी दिलेली होती. रात्रीं केंस विंचरावयाच्या निमित्तानें ती खोलींत येई. मग दार लावून, दिवा मालवून, शेगडीच्या उजेडांत दोघी पोटावर पडून अक्षरें गिरवीत. हें उघडकीस आलें तेव्हां न्यायाधीशानें मुलीची चांगलीच खरडपट्टी काढली. १७४० सालच्या कायद्यानें गुलामांस लिहावयास शिकविणें हा गुन्हा होता, आणि न्यायाधीशाच्याच घरीं तो घडत होता. त्याच कायद्यांत आणखी एक कलम होतें, आणि आमच्या ह्या कथेची किल्ली त्यांत आहे. तें असें कीं, मुलाची स्थिति आईप्रमाणें ठरावी. आई गुलाम तर मूल गुलाम, मग बाप कोणीही असो. जमीन, नांव व मान हीं बापाकडून मुलाकडे जात, आणि दास्य मात्र आईकडून. ज्या कुळाला आपल्या रक्ताचा एवढा गर्व, त्यानेंच आपलें रक्त विकण्याची सोय कायद्यानें करून ठेविली होती.

साराबाई १८२१ सालीं चार्ल्सटन सोडून फिलाडेल्फियास गेल्या व क्वेकर लोकांत मिळाल्या. अँजेलिनाबाई मागें राहिल्या. त्या प्रेसबिटेरियन मंडळींत सामील झाल्या होत्या. घरच्या गुलामांस गोळा करून त्या रोज प्रार्थना करीत. त्यांनीं पाळकांस व मंडळीच्या वडिलांस विनविलें कीं गुलामगिरी हें पाप आहे असें तुम्ही उघड सांगा. ते वडील सगळे गुलामांचे मालक, कोण सांगणार? १८२९ च्या आरंभीं एक प्रसंग घडला. भाऊ हेन्री आपल्या एका गुलामास, जॉन नांवाच्या माणसास, निर्दयपणें मारीत असे. अँजेलिनाबाई त्याच्या खोलींत गेल्या व त्यास तोंडावर बोलल्या. हेन्रीनें प्रथम त्यांना झिडकारलें, पण त्या बोलण्याचा परिणाम कांहीं काळ तरी झाला. त्याच वर्षीं बाई बहिणीच्या मागोमाग उत्तरेस गेल्या. हेन्रीविषयींचें त्यांचें ज्ञान येथेंच थांबलें म्हणावयाचें.

पुढील दहा वर्षांत अँजेलिनाबाईंचें नांव सर्व देशांत झालें. १८३५ सालीं त्यांनीं गुलामगिरीच्या विरोधकांच्या पुढाऱ्यास लिहिलेलें पत्र त्याच्या वर्तमानपत्रांत छापून आलें. १८३६ सालीं त्यांनीं दक्षिणेंतील ख्रिस्ती स्त्रियांस उद्देशून एक विनंतिपत्र प्रसिद्ध केलें. जन्मगांवीं त्याच्या प्रती जाळण्यांत आल्या, आणि ही मुलगी पुन्हा शहरांत आली तर तिला अटक होईल असा निरोप तिच्या वृद्ध आईस गेला. १८३७ सालीं दोघी बहिणी मॅसॅच्युसेट्स संस्थानांत गांवोगांव व्याख्यानें देत फिरल्या. पुरुषांच्या सभेंत स्त्रीनें बोलावें हें तेथील पाळकांच्या मंडळास रुचलें नाहीं. त्यांनीं निषेधाचें पत्रक काढलें. गुलामगिरीविरुद्ध इतक्या तत्परतेनें तें मंडळ एकजुटीनें उठलें असतें तर बरें झालें असतें, असें आम्हांस वाटल्यावांचून राहत नाहीं. २१ फेब्रुवारी १८३८ रोजीं अँजेलिनाबाई त्या संस्थानाच्या कायदेमंडळाच्या समितीपुढें बोलल्या. अमेरिकेंत कोणत्याही कायदेमंडळापुढें बोललेली ही पहिली स्त्री.

त्याच वर्षीं १४ मे रोजीं फिलाडेल्फियास त्यांचें लग्न थिओडोर वेल्ड ह्या प्रसिद्ध उपदेशकाशीं झालें. लग्नास गोरे व काळे दोन्ही पाहुणे होते. एका काळ्या व एका गोऱ्या पाळकानें प्रार्थना केल्या. आणि पाहुण्यांत बाईंच्या माहेरच्या घरीं पूर्वीं गुलाम असलेल्या व आतां मुक्त झालेल्या दोन स्त्रिया होत्या. लग्नानंतर तिसऱ्या दिवशीं पेनसिल्व्हेनिया हॉल नांवाच्या नव्या सभागृहांत बाई बोलत असतां बाहेरून दगडांचा वर्षाव चालला होता, आणि दुसऱ्या रात्रीं लोकांच्या जमावानें तें सभागृह जाळून टाकलें. त्यानंतर बाई सभांत फारशा बोलल्या नाहींत. तीन मुलें, शरीराची दुर्बळता, बेतांची मिळकत व शाळेचें काम ह्यांत त्यांचीं पुढलीं वर्षें गेलीं. साराबाई शेवटपर्यंत त्यांच्याच घरीं होत्या.

आतां हेन्रीकडे वळूं. त्याची पत्नी १८४३ सालीं तीन मुलें मागें ठेवून वारली. तिच्या आजारपणांत शुश्रूषा करणारी नॅन्सी वेस्टन नांवाची गुलाम स्त्री त्याच्या घरीं होती. पत्नीच्या मृत्यूनंतर हेन्रीनें नॅन्सीस आपल्या मळ्यावर नेऊन ठेविलें. तिला नाहीं म्हणतां आलें असतें काय, हा प्रश्न विचारणेंच व्यर्थ. ती त्याची मालमत्ता होती. १८४९ सालीं आर्चिबॉल्ड, १८५० सालीं फ्रान्सिस, व बापाच्या मृत्यूनंतर जॉन, असे तिला तीन मुलगे झाले. हेन्री १८५२ सालीं तापानें मेला. मरतांना त्यानें नॅन्सी व तिचीं मुलें आपला गोरा मुलगा माँटेग्यू ह्याच्या हवालीं केलीं, आणि घरच्या माणसांप्रमाणें त्यांस वागवावें अशी इच्छा दर्शविली. कोणी म्हणेल कीं १८४१ च्या कायद्यानें मृत्युपत्राच्या वाटेनें गुलामांस मुक्त करण्याची बंदी होती, हेन्री काय करणार? पण तो स्वतः वकील होता. जिवंत असतां त्यांना उत्तरेकडे पोंचविण्यास त्याला वाट सांपडली नसती, हें आम्हांस पटत नाहीं. हागार व इश्माएल ह्यांची गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक आहे. अब्राहामानें निदान भाकर व पाण्याची मसक देऊन त्यांना मोकळें करून पाठविलें. हेन्रीनें एका मुलाचें वतन म्हणून दुसऱ्या मुलांस लिहून दिलें.

नॅन्सीबाई मुलांना घेऊन चार्ल्सटन शहरांतील एका लहानशा घरांत राहिल्या व लोकांचे कपडे धुऊन संसार चालवूं लागल्या. नांवाला त्या गुलाम, पण कांहीं वर्षें कोणी त्यांच्या वाटेस गेलें नाहीं. मुलांस त्यांनीं लिहावयावाचावयास घातलें. मग १८६० च्या सुमारास माँटेग्यूनें दुसरें लग्न केलें. घरीं चाकर हवे झाले, आणि त्यास आपल्या भावांची आठवण झाली! नॅन्सीबाईंनीं विनवण्या केल्या, पण उपयोग झाला नाहीं. भाऊ धन्याच्या खुर्चीवर आणि भाऊ हातांत ताट घेऊन मागें उभा, अशी स्थिति झाली. आर्चिबॉल्ड पळाला, आणि युद्ध संपेपर्यंत शहरांतच लपून राहिला. फ्रान्सिसही पळाला व दक्षिणेच्या सैन्यांतील एका अधिकाऱ्याचा चाकर झाला. पुढें तो पकडला गेला. कोंडवाड्यांत तो इतका आजारी पडला कीं आईस त्याच्या शुश्रूषेस येऊं द्यावें लागलें. बरा झाल्यावर त्यास दुसऱ्या एका अधिकाऱ्यास विकून टाकण्यांत आलें. १८६५ च्या फेब्रुवारींत चार्ल्सटन शहर पडलें, तेव्हां तिघे भाऊ मोकळे झाले.

येथें थोडें थांबून एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. सरकारी खानेसुमारींत १८५० व १८६० ह्या दोन्ही वेळीं गुलामांची वेगळी यादी होत असे. त्या यादींत मालकाचें नांव लिहीत, आणि त्याखालीं प्रत्येक गुलामाचें वय, लिंग व रंग, नांव नाहीं. १८६० सालीं दक्षिण कॅरोलायनांत सुमारें सात लक्ष वस्तीपैकीं चार लक्षांहून अधिक माणसें अशीं बिननांवाचीं होतीं. मुक्त झालेल्या सर्वांचीं नांवें प्रथम १८७० च्या खानेसुमारींत आलीं. त्यामुळें आपल्या पूर्वजांचा शोध घेणारीं काळ्या लोकांचीं हजारों कुटुंबें १८७० पर्यंत मागें जातात आणि तेथें भिंतीशीं अडतात. त्यापलीकडे जावयाचें तर मालकांचीं मृत्युपत्रें, विक्रीखतें व मालमत्तेच्या याद्या चाळाव्या लागतात. ज्या कागदांनीं माणसाची वस्तु केली, त्यांतच त्याच्या आजीचें नांव शोधावें लागतें.

मुक्तीनंतर तिघे मुलगे मुक्त गुलामांसाठीं निघालेल्या शाळेंत गेले. शाळेच्या मुख्य बाईंनीं त्यांची बुद्धि पाहून त्यांना उत्तरेस धाडिलें, आणि आर्चिबॉल्ड व फ्रान्सिस हे पेनसिल्व्हेनियांतील लिंकन युनिव्हर्सिटींत दाखल झाले. काळ्या तरुणांसाठीं प्रेसबिटेरियन लोकांनीं ती १८५४ सालीं दुसऱ्या नांवानें स्थापिली होती. १८६८ च्या फेब्रुवारींत, बोस्टनजवळ हाइड पार्क येथें राहत असतां, अँजेलिनाबाईंच्या हातीं गुलामगिरीविरोधी लोकांचें एक वर्तमानपत्र आलें. त्यांत ह्या युनिव्हर्सिटींतील एका विद्यार्थ्याच्या हुषारीची तारीफ होती, आणि त्याचें आडनांव ग्रिम्के असें दिलें होतें. असलें आडनांव सहसा दुसऱ्या कोणाचें असावयाचें नाहीं. बाईंनीं त्या मुलास पत्र लिहिलें. तुम्ही माझ्या भावांपैकीं कोणाच्या घरचे गुलाम होतां काय, असें विचारिलें. त्यांना वाटलें कीं मुक्त झाल्यावर धन्याचें आडनांव घेतलेला हा कोणी असेल. तसें पुष्कळांनीं केलें होतें.

आर्चिबॉल्डानें सविस्तर उत्तर धाडिलें. आपण हेन्री ग्रिम्के ह्यांचे पुत्र, आपली आई नॅन्सी वेस्टन, आपण तिघे भाऊ, व आपणांवर काय काय गुदरलें, हें सर्व त्यानें शांतपणें लिहिलें.

तें पत्र वाचून बाई आजारी पडल्या. तीस वर्षें त्यांनीं लोकांस सांगितलें होतें कीं गुलामगिरी घराघरांतील नात्यांस विष घालते. आतां तें विष आपल्या सख्ख्या भावाच्या घरीं आढळलें. चार्ल्सटनच्या बहिणींशीं त्यांचा पत्रव्यवहार होता, पण हेन्री मरून सोळा वर्षें झालीं तरी ही बातमी त्या पत्रांतून आली नव्हती. ह्यांत आश्चर्य नाहीं. अशा गोष्टी न बोलण्याचें शिक्षण त्या समाजांत बालपणापासून मिळे.

ह्या प्रसंगीं अँजेलिनाबाईंस तीन वाटा होत्या. उत्तर न देतां गप्प बसावें. कांहीं पैसे पाठवून दयाळूपणाचें समाधान मिळवावें. किंवा भाचे म्हणून हांक मारावी. पहिल्या दोन वाटांनीं गेल्या असत्या तरी कोणी त्यांना नांवें ठेविलीं नसतीं. त्यांनीं तिसरी धरिली. त्यांनीं मुलांस लिहिलें कीं तुमच्या बापाचें नांव एके काळीं मानाचें होतें, तें आतां धुळींत पडलें आहे, तें उचलून पुन्हा उभें करणें तुमच्या सरळ वागणुकीवर आहे. त्या वर्षीच्या जूनमध्यें आपल्या मुलास बरोबर घेऊन त्या लिंकन युनिव्हर्सिटीच्या वार्षिक समारंभास गेल्या, आणि सर्वांच्या देखत ह्या तरुणांस आपल्या भावाचे मुलगे म्हणून ओळख दिली. मत्तयानें आपल्या पहिल्या अध्यायांत तामार, राहाब व रूथ ह्यांचीं नांवें गाळलीं नाहींत. तो अध्याय मंडळींत वाचतांना पुष्कळजण भराभर पुढें जातात, असें आम्हीं पाहिलें आहे.

पुढें मुलें हाइड पार्कच्या घरीं येऊं जाऊं लागलीं. दोघी बहिणींपाशीं पैसा थोडा होता. तरी मुलांच्या शिक्षणास त्यांनीं हातभार लाविला. दोघे भाऊ १८७० सालीं पदवीधर झाले. त्याच सालच्या मार्चमध्यें, स्त्रियांस मताचा हक्क नसतां, सारा व अँजेलिना ह्या दोघी वृद्ध भगिनी हाइड पार्कांतील इतर स्त्रियांसह बर्फांतून चालत जाऊन मतें टाकून आल्या. १८७३ च्या डिसेंबरांत साराबाई वारल्या. त्याच १८७३ सालीं इकडे पुण्यास जोतीराव फुले ह्यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ निघाला, व तो त्यांनीं अमेरिकेंतील गुलामांच्या मुक्तीसाठीं झटलेल्या सज्जनांस अर्पण केला. अँजेलिनाबाई पक्षाघातानें कांहीं वर्षें खिळून राहिल्या आणि २६ ऑक्टोबर १८७९ रोजीं वारल्या.

आर्चिबॉल्ड १८७४ सालीं हार्वर्ड येथून कायद्याची परीक्षा उतरला. म्हणजे आजोबाच्या व बापाच्या धंद्यांत हा नातू शिरला. बोस्टनमध्यें त्यानें वकिली केली, चरित्रें लिहिलीं, १८९४ ते १८९८ पर्यंत सांतो दोमिंगो येथें अमेरिकेचा वकील म्हणून राहिला, आणि पुढें वॉशिंग्टनमध्यें काळ्या लोकांच्या हक्कांसाठीं झगडणाऱ्या संस्थेच्या शाखेचा अध्यक्ष झाला. १९३० सालीं तो मरण पावला. धाकटा जॉन मात्र शिक्षणांत टिकला नाहीं व घरच्यांपासून दूर गेला. नॅन्सीबाई १८९५ पर्यंत जगल्या.

आमच्या उपदेशक बंधूंस फ्रान्सिसविषयीं अधिक ऐकावयास आवडेल. तोही प्रथम कायद्याकडे वळला होता, पण मन पालटून प्रिन्स्टन येथील ईश्वरज्ञानशाळेंत गेला व १८७८ सालीं तेथून बाहेर पडला. लगेच वॉशिंग्टन शहरांतील पंधराव्या रस्त्यावरील प्रेसबिटेरियन मंडळीनें त्यास बोलाविलें. मध्यें चार वर्षें तो फ्लॉरिडांत गेला तेवढीं सोडल्यास १९२८ पर्यंत तीच मंडळी त्यानें संभाळली. त्याची पत्नी शार्लट फोर्टन ही फिलाडेल्फियाच्या एका प्रतिष्ठित काळ्या घराण्यांतली. युद्ध चालू असतांच ती दक्षिणेच्या बेटांवर जाऊन मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलांस शिकवीत होती. त्यांना एकच मुलगी झाली, ती सहा महिन्यांची होण्यापूर्वींच गेली. १८८४ च्या जानेवारींत फ्रेडरिक डग्लस ह्या थोर पुढाऱ्यानें एका गोऱ्या बाईशीं लग्न केलें, तेव्हां दोन्हीकडचे लोक खवळले. तें लग्न रे. फ्रान्सिस ग्रिम्के ह्यांनीं लाविलें. डग्लसास आपली जन्मतारीख माहीत नव्हती, व बाप कोण हें निश्चित ठाऊक नव्हतें. लग्न लावणाऱ्यास बाप कोण हें पक्कें ठाऊक होतें, आणि त्याच बापाच्या मुलानें त्यास विकलें होतें.

१८९९ सालीं दक्षिणेंत काळ्या माणसांस जमावानें पकडून ठार मारण्याचे प्रकार फार चालले असतां ह्या पाळकानें त्या विषयावर उपदेश केले व ते छापून वांटले. गोऱ्या ख्रिस्ती मंडळ्या ह्या बाबतींत गप्प कां, हा त्याचा प्रश्न असे. चार्ल्सटनच्या वडिलांस त्याच्या आत्यानें सत्तर वर्षांपूर्वीं तोच प्रश्न विचारिला होता. १९०९ सालीं ज्या आवाहनांतून वर सांगितलेली हक्कांची संस्था निघाली त्यावर सही करणाऱ्यांत तो होता. १९३७ च्या ऑक्टोबरांत त्याचा अंत झाला.

आर्चिबॉल्डानें एका गोऱ्या पाळकाच्या मुलीशीं लग्न केलें होतें. तें फार काळ टिकलें नाहीं, व मुलगी बापापाशीं वाढली. ती २७ फेब्रुवारी १८८० रोजीं, म्हणजे आत्याबाईंच्या मृत्यूनंतर चार महिन्यांनीं जन्मली, आणि तिचें नांव अँजेलिना वेल्ड ग्रिम्के असें ठेविलें. ती शिक्षिका झाली व कविता लिहूं लागली. जमावाच्या हातून होणाऱ्या हत्यांवर तिनें लिहिलेलें नाटक १९१६ सालीं वॉशिंग्टन शहरांत रंगभूमीवर आलें. त्या नाटकांतील तरुणी लग्न करीत नाहीं. आपलें मूल ह्या देशाच्या स्वाधीन करावयाचें नाहीं असा तिचा निश्चय असतो. नाटक लिहिणारी अँजेलिनाही अविवाहित राहिली व १९५८ सालीं न्यूयॉर्क येथें वारली.